पाहुण्याचा कापूस

सेलूच्या कापसाच्या जिनात रेजा, म्हणजे मजूर बाया, पुष्कळ होत्या, पण कवडी निवडावी ती सखू मडावीनंच, हे मुकादम गोमाजीही कबूल करायचा. आणि गोमाजी हा सहसा काहीच कबूल न करणारा माणूस होता. कवडी म्हणजे किडीनं डागाळलेला, पिवळा पडून बोंडातच चिकटलेला, सरकीच्या मानानं रुई कमी देणारा कापूस. पांढऱ्या मालात तो राहिला की रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, रंग जातो, म्हणून गाडी खाली झाली की सरकी काढायच्या यंत्रावर, रेच्यावर, माल जाण्याआधी बायकांनी ढिगाभोवती बसायचं आणि कवडी वेचून काढायची. हे काम कोणाला सांगावं लागत नसे. स्वयंपाकाआधी तांदळातले खडे काढावेत तितकं ते अंगवळणी पडलेलं होतं. काढलेल्यातली अगदी टाकाऊ कवडी बायकांनी पदरात बांधून घरी न्यायची, त्याला कोणी हरकत घेत नसे. जिनात फुकट मिळणारी तेवढी एकच गोष्ट होती. खोकला सोडला तर.

खोकला सखूच्या नवऱ्याला मिळाला होता. जंगलू रेच्यावर माल टाकायचा, आणि रुईची उडती धूळ श्वासाबरोबर आत घेत घेत त्याची छाती भाता फाटल्यासारखी झाली होती. दवाखान्यात दाखवून झालं, देवाला कोंबडं देऊन झालं. आता तो घरी खाटेवर असायचा. आडवा झाला की जीव घुसमटायचा, म्हणून डोक्याखाली उंच उशी लागायची, आणि उशी दबली की तिच्यात आणखी भर घालावी लागायची. ही भर म्हणजे सखूनं पदरातून आणलेली कवडी. ती बोटांनी सरकी काढायची, सरकी शेजारच्या रुखमाच्या शेळीला घालायची आणि उरलेला पिवळा कापूस उशीत कोंबायची. ज्या जिनानं नवऱ्याची छाती नेली, त्याच जिनाचा कचरा त्याच्या डोक्याखाली होता. पण सखूला अशा गोष्टींवर विचार करत बसायला फुरसत नव्हती.

१९५५च्या हिवाळ्यात वर्ध्याच्या ग्रामोद्योग केंद्रातले प्रभाकरराव मास्तर एका पाहुण्याला घेऊन जिनात आले. पाहुणा आफ्रिकेतला होता, युगांडा नावाच्या मुलखातला. नाव लुबेगा. उंच, काळाभोर, हळू बोलणारा. सेलूतल्या माणसांनी मुलाबाळांसकट फाटकाशी गर्दी केली आणि त्याच्याकडे इतकं टक लावून पाहिलं की सखूलाच शरम वाटली. लोक आपल्याकडेही असेच बघतात हे तिला ठाऊक होतं. बाजारात ती जंगलूशी गोंडीत बोलली की आजूबाजूच्या माना वळायच्या.

लुबेगाबरोबर कापसाचं एक पोतं होतं. त्या पोत्याची हकिकत अशी. त्याच्या भागात घरोघर कापूस पिकायचा, पण रेचे दुसऱ्यांचे होते, आणि त्यातले पुष्कळ इथूनच तिकडे गेलेल्या व्यापाऱ्यांचे. कापसाचा भाव दरवर्षी सरकार ठरवायचं. ठरवताना कापसातून रुई किती उतरते याचा हिशेब रेचेवाले सांगतील तोच धरायचं. शेतकऱ्यांना वाटायचं की आपला उतारा याहून चांगला आहे. पण रेचा आपला नाही, तराजू आपला नाही, मग नुसत्या वाटण्याला विचारतो कोण? बाजारात सगळं चालतं ते माहितीवर, आणि माहिती समोरच्याच्या खिशात. म्हणून शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीनं ठरवलं की शिष्यवृत्तीवर वर्ध्याला निघालेल्या लुबेगाबरोबर आपला कापूस धाडायचा, जिथं कोणाचा काही संबंध नाही अशा जिनात तो चालवून घ्यायचा आणि पुरावा आणायचा. भाव वाढला तर वाढलाच, पण पुरावा असेल तर स्वतःचा रेचा घ्यायला परवानगीही मागता येईल. गावोगावच्या घरांतून ओंजळ ओंजळ गोळा करून दोन पोती भरली. बोटीवर एकात पाणी शिरलं आणि ते कुजलं. राहिलं ते हे.

मास्तरांनी हे सगळं मालकांना, किसनरावांना, त्यांच्या खोलीत बसून समजावून सांगितलं. माल जसाच्या तसा रेच्यावर जायला हवा, बरावाईट सगळा, हेही दोनदा सांगितलं. किसनराव भला माणूस. ते म्हणाले, उद्या बाजाराचा दिवस, जिन बंद, तेव्हा निवांतपणे चालवू. त्यांनी बाहेर येऊन गोमाजीला सांगितलं की उद्या पाहुण्यांचा माल चालवायचाय. जसाच्या तसा हे शब्द खोलीतच राहिले.

तोवर लुबेगानं आवारात पोतं सोडलं होतं. भोवती बसलेल्या बायकांपैकी सखूच्या हातात त्यानं मूठभर कापूस ठेवला आणि कसा आहे असं खुणेनं विचारलं. धागा लांब होता, मऊ होता. सखूनं मान डोलावली. मग तो काहीतरी बोलला, ते मास्तरांनी सांगितलं: यातला काही कापूस ह्यांच्या आईनं वेचलाय. सखूला तो माणूस एकदम जवळचा वाटला. पण त्याच वेळी तिच्या नजरेला पोत्यातली कवडी दिसली, आणि कवडी बरीच होती. बिचारी म्हातारी, नजर गेली असेल, असं तिच्या मनात आलं.

संध्याकाळी गोमाजी घरी निघताना म्हणाला, पाहुण्याचा माल तयार ठेवजो.

सखूनं तो तयार ठेवला. शेड झाडून काढली, ताडपत्री पसरली, पोतं रिकामं केलं आणि दिवेलागणीपर्यंत एकटी बसून कवडी निवडली. जिनाचा माल ती हातानं निवडायची, हा जीव ओतून निवडला. उद्या मालक येतील, मास्तर येतील, चार मोठी माणसं बघतील, तेव्हा परक्या मुलखातल्या त्या म्हातारीचा कापूस घाण दिसायला नको होता. शेवटी ढीग असा लख्ख झाला की तिचं तिलाच बरं वाटलं. सगळं पुन्हा पोत्यात भरलं, कवडी पदरात बांधली आणि घरी जाऊन रोजच्यासारखी उशीत घातली.

दुसऱ्या दिवशी पोतं तराजूवर चढलं तेव्हा घरून निघताना लुबेगानं केलेल्या वजनापेक्षा ते हलकं भरलं. मास्तर म्हणाले, आमच्याकडची हवा कोरडी, माल वाळलाय. लुबेगाला ते पटलं. रेचा सुरू झाला. एकीकडे रुई पडत गेली, दुसरीकडे सरकी, आणि दोन्ही तोलून झाल्यावर लुबेगानं आकडेमोड केली, पुन्हा केली, आणि डोळ्यांवर हात ठेवून तो मटकन खाली बसला. तिकडे जो उतारा धरत होते त्याहून हा कितीतरी वर होता. त्यांना वाटलं होतं त्याहूनही वर. मग तो उठला, किसनरावांना मिठी मारली, मास्तरांना मारली, गोमाजीलाही मारली. चहा आला. मास्तरांना भरून आलं होतं. त्यांनी जमलेल्या माणसांना या पोत्याची सगळी हकिकत मराठीत सांगितली, आणि सांगताना म्हणाले, शेतातून जसा निघाला तसा हा कापूस, कोणाचा हात लागला नाही, त्यातच तर सगळं आलं.

सखूनं चटकन गोमाजीकडे पाहिलं. गोमाजीच्याही लक्षात आलं होतं, कारण रेच्याच्या तोंडाशी तोच उभा होता आणि कवडीचं एक बोंडही आत गेलं नव्हतं. त्यानं डोळ्यांनीच तिला गप्प बसवलं.

ती गप्प बसली. घरी आल्यावर मात्र तिनं जंगलूला सगळं सांगितलं. तो बराच वेळ खोकत राहिला. मग आपल्या बोलीत म्हणाला की बोललीस तर जिन सुटेल. पुन्हा खोकला आणि म्हणाला, पण जिनानं मला कुठं राखलं, की तुला राखेल? जा, सांगून ये.

सकाळी उजाडताच तिनं त्याच्या डोक्याखालची उशी ओढली. तो भिंतीला टेकून बसला, धापा टाकत. सखूनं दारात बसून उशी फाडली आणि कापूस निवडायला घेतला. तिचा बेत सरळ होता. पाहुण्याची कवडी बाजूला काढायची, त्याला नेऊन द्यायची, म्हणजे तो ती पुन्हा हिशेबात धरील. चांगला कापूस असता तर धाग्यावरून तिनं ओळखला असता. पण कवडीला धागा कुठला? सरकी शेळीच्या पोटात गेलेली. उरले ते पिवळे, कडक, आखूड गोळे, सेलूचे काय आणि त्याच्या आईचे काय, सगळे एकसारखे. उन्हं वर आली तरी ती चाळवत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिची बोटं हरली होती.

शेवटी तिनं सगळाच कापूस फडक्यात बांधला, रुखमाला जंगलूकडे बघायला सांगितलं आणि मोटारीनं वर्धा गाठलं.

केंद्राच्या ओसरीवर मास्तर आणि लुबेगा बसले होते. लुबेगाची शिष्यवृत्ती संपली होती आणि तो घरी जायची तयारी करत होता. सखू खाली बसली, गाठोडं सोडलं आणि मान वर न करता म्हणाली, "मास्तर, पाहुण्याचा माल मी निवडला होता जी. कवडी काढून टाकली होती."

मास्तरांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

"तुले कोणं सांगतलं होतं?" ते रागानं तिच्याच बोलीत बोलून गेले.

"कोणंच नाई. पाहुण्याचा माल, तसाच कसा जाऊ देऊ? आमी तसा कोणाचाच जाऊ देत नाई."

मास्तरांनी लुबेगाला इंग्रजीत सांगितलं, आणि सांगताना त्याच्याकडे न बघता अंगणाकडे बघत राहिले. लुबेगानं गाठोड्यातला एक गोळा उचलला, बोटांत फिरवला. हे सगळं आमचं आहे का, असं त्यानं विचारलं. सखूनं नाही म्हटलं. किती आमचं? तिला सांगता येईना. आणि मग तिला रडू कोसळलं, अगदी लहान पोरासारखं.

मास्तर पुटपुटले, गप्प राहिली असतीस तर काय बिघडलं असतं. काय म्हणालात, असं लुबेगानं विचारलं, तेव्हा त्यांना तेही सांगावं लागलं. लुबेगानं मान हलवली. तो हळूहळू बोलत गेला आणि मास्तर सखूला सांगत गेले. हा आकडा घेऊन मी उभा राहिलो असतो, तर ते म्हणाले असते, आणा दुसरं पोतं, पुन्हा चालवू. तेव्हा तेवढी रुई उतरली नसती. मग आमच्या तोंडून निघालेलं खरंही कोणी ऐकलं नसतं. एवढं बोलून त्यानं कागद घेतला आणि माल रेच्यावर जाण्याआधी निवडला होता असं त्यावर लिहिलं. आता त्या कागदाला काही किंमत राहिली नाही, हे त्यालाही कळत होतं आणि मास्तरांनाही. सखूला कोणी सांगितलं नाही, पण तिलाही कळलं. निघताना तो तिच्यासमोर वाकला आणि गाठोडं त्यानं स्वतःच्या हातानं बांधून तिला परत दिलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सखूला वाटलं.

जिन सुटलं ते दुसऱ्याच दिवशी. मास्तरांकडून कळल्यावर किसनराव गोमाजीवर भडकले, गोमाजी सखूवर भडकला, आणि सखूच्या खाली भडकायला कोणी नव्हतं. त्यानंतर ती खुशाल पाटलाच्या वाडीत वांगी तोडायला आणि मेथी खुरपायला जाऊ लागली. पाटलीणबाई, कुसुमबाई, स्वभावानं चांगली होती, पण नव्या मजुरणीच्या एका सवयीनं ती हैराण झाली. रोपापाशी बसली की सखू विचारायची, हात लावू का? टोपली उचलायच्या आधी विचारायची, हात लावू का? एकदा कुसुमबाई वैतागून म्हणाली, "अवं, कामाले आली ना तू? मंग विचारतेस काऊन?" सखूनं मान खाली घातली, आणि पुढच्या वाफ्यापाशी पुन्हा विचारलं.

पुढच्या दिवाळीनंतर प्रभाकरराव मास्तर वाट वाकडी करून तिच्या झोपडीशी आले. लुबेगाचं पत्र आलं होतं. तिकडच्या चौकशीत त्याचा कागद वाचला गेला, निवडलेला माल म्हणून बाजूला ठेवला गेला आणि भाव जुन्याच हिशेबानं लागला. रेच्याची परवानगीही मिळाली नाही. पुन्हा एकदा कापूस गोळा करायचा त्यांचा विचार होता, पण यंदा घरोघरच्या लोकांनी ओंजळ द्यायला हात आखडता घेतला. त्यानं सखूला नमस्कार लिहिला होता. सखूनं फक्त एवढंच विचारलं, त्याची माय कशी आहे? पत्रात ते नव्हतं.

जंगलू त्याच थंडीत गेला. शेवटी शेवटी उशी कितीही उंच केली तरी त्याला श्वास पुरत नव्हता. रिवाजाप्रमाणे त्याची खाट, वाकळ आणि उशी मसणात न्यायला बाहेर काढली. पुनाजी, त्याचा भाऊ, उशी उचलू लागला तेव्हा सखूनं ती धरून ठेवली. ही जंगलूवरची माया आहे असं समजून बायांनी तिची समजूत घातली. मायाही होतीच, पण त्या उशीत दुसऱ्या एका म्हातारीनं वेचलेला कापूस होता, आणि तो कोणता हे आता कधीच कळणार नव्हतं. शेवटी तिनं उशी सोडली.

मग बायांनी तांब्याभर पाणी आणलं आणि सखूला पुढं केलं. नवऱ्याचं तोंड तिनं पुसायचं होतं. सगळे वाट बघत थांबले. सखू त्याच्या उशाशी बसली, फडकं पाण्यात भिजवलं, हात पुढं नेला आणि मध्येच थांबून तिनं भोवतीच्या माणसांकडे पाहिलं.

"हात लावू का?" तिनं विचारलं.