एक्केचाळीस प्रती

सत्यशीला भिंगारदिवे माझ्या हाताखाली एकोणतीस वर्षं होत्या. कॉलेजच्या ग्रंथालयात मी ग्रंथपाल आणि त्या परिचर. म्हणजे कागदोपत्री पुस्तकं मी सांभाळायचो आणि प्रत्यक्षात त्या. तेव्हा मी त्यांना सरळ अगं-तुगं करायचो. निवृत्तीनंतर जीभ जरा वळणावर आली, आता 'बाई' म्हणतो. त्या मला आधीही 'सर' म्हणत, आजही म्हणतात. खरं तर आता म्हणू नये.

बाईंना एक खोड होती. रद्दीत काढायचं पुस्तकसुद्धा त्या पानन् पान उलटून बघायच्या. आत एसटीचं तिकीट, कुणाची चिठ्ठी, वाळलेलं फूल, जे निघेल ते बिस्किटांच्या एका डब्यात ठेवायच्या. "कुनी मागायला आलं म्हंजे?" असं त्यांचं म्हणणं. मी म्हणायचो, "सत्यशीला, तू लायब्ररी चालवतेस की हरवले-सापडले?" सगळा स्टाफ हसायचा. त्याही हसायच्या, आणि डबा परत कपाटावर ठेवायच्या.

निरोपसमारंभाला आम्ही त्यांना एक टॅब दिला. मला वाटलं होतं, बाई त्यावर नातवाला गाणी लावून देतील. पण त्यांनी एक पुस्तकांचं ॲप घेतलं आणि स्वतःचं ग्रंथालय सुरू केलं.

सोनईहून शिंगणापूरकडे जाताना डाव्या हाताला त्यांची वस्ती आहे. बहुतेक घरं बौद्धांची. काही नोकरीतली, काही शेतमजूर, आणि निम्मी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारी. प्रत्येक घरात बुद्धवंदनेची एक छोटी पुस्तिका असतेच. छापील पुस्तिका सगळ्यांची एकच, वर्षानुवर्षं तीच. तोडीला जाताना ती पत्र्याच्या पेटीत बरोबर जाते. मागची चार पानं कोरी असतात आणि उसाच्या फडावर दुसरा कागद नसतो. त्यामुळे मूल जन्मलं तर त्याची तारीख तिथं, कुणी गेलं तर ती तिथं, मुकादमाचा फोन नंबर तिथं. बाई घरोघर जाऊन पुस्तिका मागून आणत, पानापानाचा फोटो काढत, ॲपमध्ये त्या घराच्या नावाचा कप्पा करून त्यात ठेवत. टॅब लगेच भरायचा, म्हणून फोटो चढवला की टॅबमधून पुसून टाकायच्या. सहा वर्षांत एक्केचाळीस घरं झाली.

मी एकदा नुसती यादी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "एकाच पुस्तकाच्या एक्केचाळीस प्रती? बाई, एकोणतीस वर्षांत माझ्याकडून एवढंही शिकला नाहीत?"

"सर, ते एक पुस्तक न्हाई," त्या म्हणाल्या.

मी पुढं विचारलं नाही. त्यातली एकही पुस्तिका मी उघडून पाहिली नव्हती.

त्या एक्केचाळिसांत एक रंगुबाईची होती. रंगुबाई साठी ओलांडलेली, निरक्षर, अजूनही कोयता घेऊन तोडीला जाणारी. तिची यशोधरा नावाची मुलगी होती. कारखान्यामागच्या कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, अकराव्या वर्षी तापानं गेली. त्याला आता तेवीस वर्षं झाली. तिचा फोटो कधी काढलेलाच नव्हता. फ्रॉक तिच्याबरोबरच गेला. राहिलं होतं ते पुस्तिकेचं शेवटचं पान. त्यावर पोरीनं पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'हे पुस्तक यशोधराचे आहे. ज्याला सापडेल त्याने आणून द्यावे. पत्ता, कोपी नंबर सात, फॅक्टरीच्या मागे.'

गावी असली की रंगुबाई दर पौर्णिमेला बाईंकडे यायची. "जय भीम, सत्यशीले. माझ्या पोरीचं पान काढ." बाई पान काढून मोठं करून द्यायच्या. रंगुबाई काचेला बोट न लावता बघत बसायची, मग चहा पिऊन घरी जायची. हे सगळं मला बाईंनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं का, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही.

मूळ पुस्तिकांचं काय झालं, तेही सांगतो. मागच्या वर्षी वस्तीत नव्या विहाराचा पाया खोदला. फाटक्या, भिजून पानं चिकटलेल्या वंदनापुस्तिका रद्दीत कशा टाकायच्या, हा सगळ्या घरांपुढचा प्रश्न होता. कुणीतरी म्हणालं, पायाच्या खड्ड्यात ठेवू. लोकांनी आनंदानं ठेवल्या. रंगुबाई तेवढी घुटमळत होती. बाईच तिला म्हणाल्या, "ठेव की आक्का, आपल्याकडं हाय ना." वर काँक्रीट पडलं. आता त्या जागी मूर्तीचा चौथरा आहे.

आता माझी कामगिरी.

गेल्या दिवाळीनंतर मी नगरला डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं. बाईंचा फोन आला. ॲप आपोआप नवीन झालं होतं आणि उघडल्या उघडल्या काहीतरी विचारत होतं. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचून दाखवलं: 'तुमच्या ग्रंथालयात एकसारखी पुस्तके आढळली आहेत. सर्वोत्तम प्रत ठेवून बाकीच्या एकत्र करायच्या का?'

मला तर आनंदच झाला. माझा धंदा कळणारं यंत्र अखेर निघालं म्हणायचं! "हो म्हणा," मी म्हणालो.

"सर, पन एकत्र म्हंजे…"

"बाई, माझा नंबर आलाय. एक पुस्तक, एक नोंद. हो म्हणा आणि मोकळ्या व्हा."

नंबर आला नव्हता. माझ्यापुढं चार माणसं होती. बाई एकोणतीस वर्षं माझं ऐकत आल्या होत्या, त्यांनी तेव्हाही ऐकलं.

त्याच आठवड्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्या डोळ्याचं. टॅब बघायला मनाई होती. निम्मी वस्ती तोडीला गेलेली, पान मागायला येणारंही कुणी नव्हतं. माघ पौर्णिमेला त्यांनी टॅब उघडला तेव्हा एक्केचाळीस कप्प्यांच्या जागी एकच पुस्तिका होती. वस्तीतल्या कुणाचीच नव्हे, ॲपनंच कुठूनतरी आणलेली, पांढरीशुभ्र, एक डाग नाही. मागची चार पानं कोरी.

त्या माझ्याकडे आल्या आणि त्यांनी टॅब नुसता समोर धरला. मी म्हणालो, "मग? छान सुटसुटीत झालं की." हे मी बोललो. ते ऐकून बाई माझ्या ओट्यावर बसल्या आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. रंगुबाई, पान, पाया, सगळं. एकोणतीस वर्षांत त्या माझ्याशी एवढं सलग कधी बोलल्या नव्हत्या.

मग आमची धावाधाव सुरू झाली. सेटिंगमध्ये 'मागे घ्या' असं कुठं आहे का, ते दोन दिवस शोधलं. नव्हतं. कंपनीच्या मदतकेंद्राला लिहिलं. उत्तर अगदी गोड आलं, खाली एका मुलीचं नाव: हटवलेल्या फाइल तीस दिवस जपून ठेवल्या जातात, त्यानंतर परत मिळवता येत नाहीत, आपल्या ग्रंथालयाची गुणवत्ता आता वाढली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल? मी एक द्यायला निघालो होतो. बाईंनी टॅब माझ्या हातातून घेतला आणि पाच दिले.

"वेड लागलं का तुम्हाला?" मी ओरडलो.

"त्या पोरीनं नीट उत्तर दिलं, सर. तिची काय चूक?"

म्हणजे चूक कुणाची ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते तोंडावर म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी म्हटलं नाही.

सोनईत वाल्मिक नावाचा मोबाईल दुरुस्त करणारा आहे. तो म्हणाला, नवं ॲप काढून जुनं टाकता येतं, बघू काय होतं ते. जुन्या ॲपची फाइल शोधायला त्याला आठवडा लागला. त्या आठवड्यात मी देवाधर्माच्या भानगडीत न पडणारा माणूस, रोज सकाळी मनातल्या मनात कुणाला तरी विनवत होतो. रविवारी त्याने जुनं ॲप चढवलं, बाईंनी आपला पासवर्ड घातला, आणि पडद्यावर एकेक कप्पा दिसायला लागला. रखमाजी पातारे. सुमनबाई घोडके. गोरक्ष साळवे. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नावं, बाईंनी लावलेल्या क्रमानं. वाल्मिकने काउंटरवर थाप मारली. मला रडू आवरेना. बाईंनी पदरानं काच पुसली आणि रंगुबाईचा कप्पा उघडला.

आत ती पांढरीशुभ्र पुस्तिका होती.

त्यांनी रखमाजींचा उघडला. तीच. सुमनबाईंचा, तीच. बाईंनी एकेक करून सगळे उघडले, एकही सोडला नाही. मी म्हणत होतो, "बाई, पुरे." त्या ऐकत नव्हत्या. त्या दिवशी प्रथमच त्यांनी माझं ऐकलं नाही. कप्पे परत आले होते, आतलं सामान मात्र केव्हाच गेलं होतं; तीस दिवसांची मुदत कधीच उलटली होती. वाल्मिकने मान खाली घातली आणि म्हणाला, "आता याच्या पुढं माझ्या हातात काय न्हाई, सर."

रंगुबाई गुढीपाडव्याला परतली आणि चैत्र पौर्णिमेला येणार हे ठरलेलं होतं. मी बाईंना म्हणालो, त्या दिवशी मी असेन, माझी चूक आहे, मीच सांगेन. घरून निघताना वाक्यही तयार केलं होतं. रंगुबाई आली, जय भीम झालं, ती खाली बसली, आणि मी चष्मा पुसत राहिलो. बाईंनीच सांगितलं.

"आक्का, पोरीचं पान गेलं."

"कुठं गेलं?"

"मशीननं पुसलं. मी 'व्हय' म्हनले म्हनून पुसलं." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी तिथंच बसलो होतो.

"मग यील की परत. तुज्या डोळ्याचं झालं न्हाई का नीट?"

"न्हाई यायचं, आक्का. लई खटपट केली."

रंगुबाई ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. मी शिव्यांची तयारी ठेवून आलो होतो. मग ती म्हणाली, "तू किती येळा बघितलंय ते. तुला पाठ आसंल. लिहून दे मला."

मला हे पटलं. नुसतं पटलं नाही, हायसं वाटलं. शेजारच्या घरातून मी एक वही आणि पेन्सिल मागून आणली. काहीतरी माझ्या हातून होत होतं.

बाईंनी लिहिलं. हे पुस्तक यशोधराचे आहे. तीन दशकं पुस्तकांच्या पाठीवर नावं घातलेला हात तो, अक्षर मोत्यासारखं आलं. रंगुबाईनं कागद डोळ्यांजवळ नेला. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. "चांगलं हाय," ती म्हणाली. "पन हे तुजं हाय."

"पुन्हा करून बघा," मी म्हणालो. "जरा वाकडं काढा. पोराच्या हातासारखं."

बाईंनी वाकडं काढलं. रंगुबाई म्हणाली, पहिलं गोल असं नव्हतं, खाली घसरलेलं होतं. तिनं हवेत बोटानं काढून दाखवलं. बाईंनी तसं काढलं. न्हाई. टोक लांब होतं. लांब काढलं. न्हाई, इतकं न्हाई. बाईंनी डाव्या हातानं लिहून पाहिलं. मी कागद फाडून देत होतो आणि म्हणत होतो, जमतंय, जवळ आलंय, अजून एकदा. जमिनीवर सात-आठ कागद झाले. प्रत्येकावर यशोधरा, प्रत्येक वेळी निराळ्या हाताची. रंगुबाई एक उचलायची, दुसरा उचलायची, पहिला पुन्हा बघायची. तिचं हवेतलं बोट आता अडखळायला लागलं होतं. एकदा तिनं ते अर्ध्यातच थांबवलं.

"ऱ्हाऊ दे, सत्यशीले," ती म्हणाली. "तुजं बघून बघून माजं गेलं. आता तिचं कसं हुतं, मलाबी दिसंना."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मी तोवर पुढचा कागद फाडून हातात धरला होता.