मामीच्या जागी पातेलं

कोल्हापुरात अशी एक चारचाकी दाखवा, जिच्या मागच्या सीटवर माझा मामा बसून आलेला नाही. रंकाळ्यावर कुणी बायकापोरांना घेऊन गाडीत कणीस खात बसलेला दिसला, की मामा जाऊन काचेवर टकटक करणार. "पावणं, जरा सरका की. मागं बसून बघतो." त्याच्या सांगण्यात असा काही जोर असतो की माणूस खरंच सरकतो. मामा बसतो, दोनदा बूड आपटतो, डोळे मिटतो, उतरतो आणि निकाल देतो, "सीट चांगली हाय. पर कंबर धरंल." तो निघून जातो आणि मागं त्या माणसाचं कणीस गार. एकदा आम्ही एका ओळखीच्यांच्या रक्षाविसर्जनाला गेलतो. सगळे माना खाली घालून उभे. मामा गेलेल्याच्या थोरल्या मुलाजवळ गेला, खांद्यावर हात ठेवला, आवाज खाली आणला. मला वाटलं, धीर देतोय. तर तो कानात विचारत होता, "वाईट झालं बघ. तुझी ती नवी गाडी, मागं बसल्यावर दणका बसतो काय रं?" त्या पोरानं नाक पुसलं. "बसतो जरा, काका." दुःखातला माणूस खोटं बोलत नाही, असं मामाचं मत. ती गाडी तिथंच नदीकाठी बाद झाली.

आता हे कशासाठी ते सांगतो, नाहीतर तुम्ही त्याला येडा समजाल. मामीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दुचाकी बंद, एसटी बंद, धक्का बसता कामा नये. मामीचं माहेर राधानगरीच्या पुढं, डोंगरात. तिथं तिची थोरली बहीण, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो, एकटीच असते. वय झालेलं, गुडघे गेलेले. तिला इकडं येववत नाही आणि मामीला तिकडं जाववत नाही. रोज फोन ठेवताना अक्का एकच विचारते, "कवा येतीस?" मामीचं उत्तरही ठरलेलं, "गाडी आली की." मामानं तेव्हाच मनावर घेतलं. मामीला माहेरी न्यायची, ती पोटातलं पाणी हलू न देता. मी म्हटलं, भाड्याची गाडी करू. "भाड्याचा डायवर खड्डा चुकवतो ते गाडीसाठी," मामा म्हणाला. "बाईमाणसासाठी न्हाय."

मग आमच्या शोरूमच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथला पोरगा इस्त्रीच्या कपड्यात धावत यायचा. "सर, याला सनरूफ आहे." मामा वर बघायचा. "राधानगरीचा पाऊस बघितलायस काय कधी? आनि डोक्यावर भोक?" "सर, सहा एअरबॅग." "ते आपटल्यावरचं झालं. आपटायच्या आधीचं सांग की." "सर, मोबाईल कनेक्ट होतो." "मोबाईल माझ्या खिशात हाय. गाडीला कशाला बांधू त्याला?" घरी आल्यावर मी दोघांचे आवाज काढून दाखवायचो. त्या पोराचं 'सर' माझ्या नाकातून अगदी बरोबर निघायचं. मामी हसून हसून कंबर धरायची आणि मग कंबर दुखली म्हणून मला शिव्या घालायची.

पण मामाची खरी परीक्षा वेगळीच होती. चाचणीला मामीला न्यायचं नाही. चुकीच्या गाडीत बसवून मणका दुखावला तर काय करायचं? म्हणून मामीच्या जागी तो तांबड्या रश्श्याचं पातेलं ठेवायचा. काठोकाठ भरलेलं, झाकण नाही, खाली प्लास्टिकचा कागद, वरून सीटबेल्ट. शेजारी मी, साक्षीदार म्हणून. पोरगा पांढरा पडायचा. "सर, आमचा रूट ठरलेला असतो." "तुझा रूट तुझ्या सायबाला फिरव. मला खड्डं पायजेत." खड्ड्यात गाडी गेली की रश्श्याची लाट यायची आणि माझ्या मांडीवर उतरायची. मामा आरशातून विचारायचा, "सांडला?" मी म्हणायचो, "सांडला." "म्हंजे मामी पडली. वळवतो गाडी." एकेका गाडीची अशी वाट लागली. लांब नाकाची बाद, फुगीर गालाची बाद, जिच्याकडं सगळं शहर वळून बघायचं ती तर पहिल्याच गतिरोधकाला बाद. पावसाळा गेला, दिवाळी गेली. शोरूमवाले आम्हाला लांबून ओळखायला लागले. फोनवर मामीचं "गाडी आली की" दिवसेंदिवस हळू व्हायला लागलं.

आणि मग थंडीतल्या एका सकाळी चमत्कार झाला. गाडी अगदी साधी, करड्या रंगाची. पहिला खड्डा गेला, पातेलं गप्प. दुसरा गेला, गप्प. मामानं मुद्दाम कच्च्या रस्त्याला गाडी घातली, माझे दात वाजले, पण रस्सा जागचा हलला नाही. मामानं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिला. "ठरलं," म्हणाला.

घरी आल्यावर मी पातेलं आत नेऊन ठेवलं आणि वरनं बोट लावलं. बोट रुतेना. चरबीचा तांबडा थर दगडासारखा थिजलेला. मामी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कालचा रस्सा हाय. चरबी जरा जास्त घातलती. रातभर फ्रीजमधी होता."

"मामी, मामाला सांगू?"

"सांग की. ह्यांची गाडी ठरूस्तवर अक्का थांबतीय काय बघू."

मी सांगितलं नाही.

त्या करड्या गाडीतनं आम्ही निघालो तेव्हा मामाचा वेग असा, की उसाच्या ट्रॉल्या आम्हाला मागं टाकून गेल्या. एक ट्रॉलीवाला तर वाकून आत बघून गेला. प्रत्येक खड्ड्याआधी मामा वर्दी द्यायचा, "आला, आला... गेला." आणि आरशात बघून, "लागलं?" "कुठं काय. पाळणा हाय नुसता," मामी म्हणायची. मी शेजारीच होतो. तिनं दाराची मूठ धरलेली हात पांढरा पडेपर्यंत, आणि ओठ घट्ट.

पोचलो. अंगणात गाडी उभी केली आणि मामा घराकडं बघतच राहिला. दाराला उंच दगडी पायऱ्या. इतक्या गाड्या पारखल्या, पण पायऱ्या कुणाच्या ध्यानातच आल्या नव्हत्या. मामीला एकसुद्धा चढवेना, ती परत गाडीत जाऊन बसली. वर दारात अक्का दिसली. ती खाली बसली आणि बसत बसतच एकेक पायरी उतरली. आम्ही दोघांनी धरून तिला गाडीपर्यंत आणली. ती मागच्या सीटवर मामीशेजारी बसली, मामीचा हात मांडीवर घेतला आणि म्हणाली, "वाळलीस गं."

मामा गाडीपासून लांब जाऊन पायरीवर बसला. ऊन उतरलं तरी दोघी आतच. वाटेनं जाणारा एक माणूस नवी गाडी बघून थांबला. "पावणं, गाडी बरी दिसती. ॲव्हरेज काय देती?"

या प्रश्नावर मामा एरवी तासभर उभा राहिला असता. त्यानं नुसता हात वर केला.

"हळू बोला," म्हणाला. "आत बहिणी बोलाल्यात."