फक्त नाव सांग

पाहुण्यांनी हात पुढे केला आणि विचारलं, "पूरा नाम?"

मी आठवीत होते. मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातल्या लामत्याजवळच्या आमच्या गावात शाळांची कबड्डी होती. सामन्याआधी खेळाडूंचा परिचय होतो. मुली ओळीत उभ्या राहतात, कप्तान सगळ्यात पुढे, पाहुणे एकेकीशी हात मिळवतात. कप्तान मी होते. बाबांच्या नावासकट, आडनावासकट मी मोठ्यानं सांगितलं. पुढे आलेला हात मागे गेला. खिशातून रुमाल निघाला. मला न लागलेला हात त्यांनी पुसला. गुरुजींना म्हणाले, "दूसरी कोई नहीं मिली?"

लोक हसले. गुरुजींनी मला ओळीच्या शेवटी नेऊन उभं केलं.

तेव्हापासून मी आडनाव गिळायला शिकले. कॉलेजात. निवड चाचणीत. नंतर पाच वर्षं पगारावर खेळले त्या संघातही, जर्सीवर नुसतं नाव. घरातली मी पहिली पदवीधर, टीव्हीवर दिसलेली पहिली. मग गुडघा गेला, करार संपला, आणि मी बालाघाटला परतले.

इथे एका राइस मिलच्या सेठजींनी मला मिलमागची जागा दिली, मॅट दिल्या, शेडची किल्ली दिली. मी फार आभारी होते. दिसले की वाकायची. त्या मॅटवर मी अकरा पोरी तयार केल्या. सगळ्यांत पुढे रोशनी. सोळा वर्षांची, आमच्याच समाजाची. तिचे वडील त्याच मिलमध्ये हमाल.

मागच्या हिवाळ्यात सेठजींनी स्पर्धा भरवली. कप्तान रोशनी. सकाळी बूट बांधता बांधता ती म्हणाली, "ताई, बाबा येऊन राह्यले आज. इस्तरीचा शर्ट घातला त्यायनं, नवरदेवावानी."

मी तिला बाजूला घेतलं. "परिचयात फक्त नाव सांग. बाकी काही नको."

"काहून?"

"सांगते तेवढं कर."

सेठजींनी बोलावलेले पाहुणे आले. "पूरा नाम बोलो, बेटा."

रोशनीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नको.

"रोशनी."

"बस, रोशनी? बाप का नाम नहीं है क्या?"

मैदान हसलं. माझ्या शेजारी उभे असलेले सेठजीसुद्धा. दोरीपलीकडे इस्तरीचा शर्ट घातलेला एक माणूस उभा होता. तो हसला नाही. त्यानं खाली पाहिलं.

मी गप्प राहिले. आठवीतले गुरुजी गप्प राहिले, तशीच.

रोशनी पहिल्याच चढाईत बाद झाली. तिला कोणी पकडलंही नव्हतं, ती स्वतःच रेषेबाहेर गेली. दुसऱ्या दिवशी सरावाला आली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. वडिलांनी खुर्ची पुसून दिली. "तुमी तिच्या भल्यासाठीच सांगतलं असन, मॅडम. बसा, चहा घ्या."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रोशनी दारात आली. "ताई, त्या मानसाले तर मी उत्तर देऊ शकत होती. माह्या बापाचं नाव तुमीच मले घेऊ नाही देलं."

चहा प्यायला गेला नाही.

तिथून मी सरळ मिलवर गेले. सेठजींना म्हणाले, "पाहुणे तुमचे होते. त्यांनी रोशनीच्या वडिलांची माफी मागावी. सगळ्या पोरींसमोर."

सेठजींना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "हमाल से माफ़ी? मैडम, हमने आपको क्या नहीं दिया?"

"दिलंत. आभारी आहे." आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द मी न वाकता बोलले. शेडची किल्ली टेबलावर ठेवली.

आता मी आमच्या वॉर्डातल्या मोकळ्या जागेत शिकवते. मातीवर. अकरातल्या चारच आल्या. बाकीच्यांना घरून मनाई. पहिल्या दिवशी सरावाआधी मी त्या चौघींना सगळं सांगितलं. रुमालाचं सांगितलं, आणि मी रोशनीला काय केलं तेही. एकीनं विचारलं, "मंग पुढच्या खेपी कोनी हासलं तर?"

"मी तुझ्या बाजूला उभी असीन. हासनाऱ्याले आधी मी विचारीन."

रोशनी शिवणकामाच्या दुकानात जाते. रस्त्यात दिसली की तोंड फिरवते. तिनं माफ करावं असं मी म्हणत नाही. एक पोरगी मी माझ्या भीतीपायी गमावली. दुसरी गमावणार नाही.