दिव्याखालचा आंबेमोहोर

बाळांनो, मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, आपल्या नांदे गावातल्या वळणावरच्या दिव्याला तेलाच्या डब्याचा पत्रा कुणी बांधला? मी बांधायला लावला. हकिकत क्रमाने लिहिते.

तिथला जुना पिवळा दिवा लागला तर लागला. पावसाळ्याच्या तोंडी गावात एलईडी दिवे बसू लागले, तेव्हा मी खांबांचा नकाशा काढून पंचायतीत नेऊन दिला. वळणावर सर्वांत मोठा दिवा हवा, असं लाल शाईने लिहिलं. तो बसला आणि संध्याकाळी फिरताना मला रस्त्यावरची मुंगीसुद्धा दिसू लागली. महिनाभर मी हे भेटेल त्याला सांगत होते.

त्या खांबाला लागूनच शेजारच्या वहिनींचं भाताचं खाचर आहे. बाकी जमीन विकली, हे एवढं त्यांनी घरच्या वर्षभराच्या आंबेमोहोरासाठी ठेवलं. दसऱ्याच्या तोरणाला लोंब्या दर वर्षी त्याच आणून देतात. यंदा रिकाम्या हाताने आल्या.

"बांधाकडंला लोंबीच न्हाई, बाई. तुमच्या दिव्यानं भात झोपंना."

"भात कधी झोपतो का?"

"तुमी इंग्रजी शिकलेल्या, तुमाला न्हाई पटायचं. चला, दावते."

जाऊन पाहिलं. बाकीच्या खाचराला लोंब्या आल्या होत्या आणि खांबाखाली मात्र नुसतं हिरवंगार अर्धवर्तुळ. उजेड पोचत होता तिथवरच.

"रात झाली ह्येच त्याला कळंना," वहिनी म्हणाल्या. "पालाच वाढवत बसलाय. निम्मं खाचर गेलं की माजं."

लाल शाई माझीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पंचायतीत गेले आणि वायरमनला घेऊन आले.

"दिवा काढू का?" त्याने विचारलं.

"काढू नगं, बाईंना मुंग्या बघायच्या असत्यात," वहिनी म्हणाल्या. "त्याला टोपी घाल."

माझ्या स्वयंपाकघरातला तेलाचा रिकामा डबा कापून त्याने शेताच्या बाजूने बांधला. उजेड रस्त्यावर राहिला, खाचरात अंधार झाला. मी रोज फिरताना वाकून बघायची. दिवाळीच्या सुमारास हिरव्यातून पहिली लोंबी डोकावली आणि मी या वयात बांधावरून जवळजवळ धावत वहिनींना हाक मारली.

तेवढा तुकडा सगळ्यांत शेवटी कापला. वहिनींनी त्यातले तांदूळ पिशवीत घालून आणले.

"ह्यो तुमच्या दिव्याचा. लई जागरण झालंय त्याला, शिजवताना जपून."

नेहमीच्याच वेळात शिजला. वास जिन्यापर्यंत गेला. तुमच्यापुरता वेगळ्या डब्यात ठेवला आहे, वर चिठ्ठी लावून.