बेगमची जात

नांदेडच्या लुबनाआपाच्या शिलाईच्या दुकानात दोन गोष्टींना हात लावायची कुणाची छाती नव्हती: तिची कात्री आणि तिची बेगम. कात्री तरी बरी म्हणायची! बेगम म्हणजे टॅरंटुला कोळ्याची तळहाताएवढी केसाळ मादी, अंगानं काळी, गुडघ्यांवर नारिंगी पट्टे. मसुराच्या डाळीएवढी होती तेव्हापासून, सहा वर्षं आपानं तिला पाळलेली. ब्लाउज न्यायला आलेल्या बाया काचेच्या पेटीला लांबूनच सलाम करायच्या.

आपाच्या मनात एकच होतं, बेगमची पिल्लं बघायची. पण नर मिळेना. शेवटी पत्ता लागला लातूरच्या अमरनाथचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी, घरी चाळीस कोळी, आणि कोळी पाळणाऱ्यांत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वयात आलेला नर काही फार जगत नाही. म्हणून आपानं घाईघाईत मोबाइलमध्ये होता तो बेगमचा जुना फोटो धाडला.

तासाभरात अमरनाथचा फोन. "ताई, तुमची मादी स्मिथी हाय. माझा नर हॅमोरी, भिंगाखाली तपासलेला. दिसायला सख्ख्या बहिणी, पण जात येगळी. मिसळ झाली तर पिल्लांना नाव काय द्यायचं? नर न्हाई देणार. माझ्याकडं हॅमोरी मादी हाय, रविवारी तिच्याकडंच सोडणार हाय."

सहा वर्षं पाण्यात! आपाला रडूच कोसळलं, आणि डोळे पुसता पुसता लई राग आला. फोटोवरून जात? ट्यूबलाइटखाली जुळवलेला दोरा उन्हात नेला की भलताच निघतो, हे शिलाई मशीनवर बसणारी कुणीही सांगेल. त्यात फोटोतली बेगम कात टाकायच्या बेतातली, रंग पार उडालेला. "अस्तर न बघता कापड ओळखतो होय रे!" आपा बंद झालेल्या फोनवरच ओरडली.

गिऱ्हाइकांची मापं जशी पाकिटात तारखेनिशी, तशाच तिच्याकडं बेगमच्या काती. शेवटची कात तिनं साबणाच्या कोमट पाण्यात भिजवली, बाहीची शिवण उसवावी तशी अलगद उघडली आणि उलटी करून पुठ्ठ्यावर टाचण्यांनी ताणली. आतल्या बाजूला मादीची, नराचं बीज साठवायची पिशवी असते. तिचा तळ स्मिथीत दुभंगलेला, तिकोनी. हॅमोरीत अखंड, लांबट गोल. आपानं हे वाचून पाठच केलं होतं. तिनं भिंग लावलं. अखंड! या अल्ला, अखंड!

रविवारी पहिल्या एसटीनं आपा पुठ्ठा छातीशी धरून लातूरला थडकली. अमरनाथ नराचा डबा घेऊन बसलाच होता. त्यानं भिंगातून बघितलं, पुठ्ठा फिरवून पुन्हा बघितलं, आणि त्याचे कान लाल झाले.

"हाव ताई. हॅमोरीच हाय."

"आता तुमच्या मादीची कात काढा."

"तिची कशाला? ती तर मी रंगावरून..." म्हणता म्हणता गडी उठला आणि कात काढून घेऊन आला.

आपानं तीही कात तिथंच भिजवली, उसवली, टाचली. तळ दुभंगलेला, तिकोनी. स्मिथी! ज्या मिसळीपायी त्यानं आपाला नर नाकारला, ती घडीभरात त्याच्याच घरात झाली असती. अमरनाथनं कपाळावर हात मारला आणि नराचा डबा दोन्ही हातांनी आपाच्या पुढं धरला.

"न्या, ताई. इज्जत राखलीत माझी."

पुढं कित्येक महिन्यांनी बेगमच्या पेटीत शे-दीडशे पिल्लं वळवळली, तेव्हा आपानं सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं आणि मगच लातूरला फोन लावला.

"मुबारक हो, ताई!" अमरनाथ खुशीत म्हणाला. "पेढे वाटू का बर्फी? पोरं किती, पोरी किती?"

"रंग बघून सांगू होय?" आपा खदखदून हसली. "काती टाकू द्या, भाऊ. उलटून बघते, मग सांगते."