शकूची तपासणी आणि चूप बसवलेलं गाव

आमचं कामरगावात कापडाचं दुकान होतं आणि आमच्या मुलीच्या अंगावर कापड टिकत नव्हतं.

नवा फ्रॉक घातला, की ओट्यावरून रस्त्यावर जाईस्तोवर तो निघालेला असायचा. पायरीवर पट्टा, खांबापाशी फ्रॉक आणि कोपऱ्यावर आमची पाच वर्षांची शकू, जन्मली तशी! समोरच बसस्टँड. कारंज्याच्या बसमधून उतरणारा माणूस आधी शकूला बघायचा आणि मग वर मान करून आमच्या दुकानाची पाटी वाचायचा : 'सर्व प्रकारचे उत्तम कापड मिळेल.' सत्तरच्या दशकातले दिवस. टेरिकॉटवर लोकांच्या उड्या पडत होत्या, आणि सावजीच्याच पोरीनं आमच्या मालाची ही अशी जाहिरात चालवली होती. (आम्हा जैन दुकानदारांना आमच्याकडे सावजी म्हणतात. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, ते म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ठरवायचं.)

बरं, नुसतं कापडाचंच असतं तर एक वेळ चाललं असतं. हिंगाची फोडणी पडली, की ही नाक धरून पळायची. गिरणी सुरू झाली, की दोन्ही कानांवर हात. आमच्या काकू बोलायला लागल्या, की डोक्यावर उशी! (काकूंच्या बाबतीत तशी इच्छा आम्हा सगळ्यांनाच व्हायची, पण आम्ही मोठे होतो.) आणि एवढे कान तिखट असलेली पोर नावानं हाक मारली, तर मात्र ढुंकून बघायची नाही. 'शकू' म्हणा, 'शकुंतला' म्हणा, ती आपली दुकानातल्या एखाद्या ताग्याची किनार बोटांत धरून घासत बसलेली.

त्यावरून माझ्या वडिलांनी, म्हणजे बाबूजींनी, एक दिवस गादीवर बसल्या बसल्या निकाल देऊन टाकला.

"पोट्टी बहिरी हाय. नागपूरले बहिऱ्या पोरायची शाळा हाय. पोरं तिथंच राह्यतात. दिवाळी झाली का नेऊन घाला."

माझी बायको सुशीला दाराआडून मला म्हणाली (म्हणजे बाबूजींना म्हणाली, पण सासऱ्यांशी बोलायचा रस्ता माझ्यावरून जात असे), "अवो, बहिरी कशी असन? गिरणीचा आवाज आयकू येते ना तिले!"

"गिरणीचा आवाज तं मेल्या माणसालेबी आयकू येते," बाबूजी म्हणाले.

विषय संपला. त्या दिवसापासून सुशीला शकूला नजरेआड होऊ देईना. ज्या लेकराला आईच्या जुन्या लुगड्याशिवाय दुसरं काही अंगाला सोसत नाही, ते परक्यांच्या हाती देऊन परत यायचं, हे मलाही पटत नव्हतं. पण बाबूजींपुढे माझं तोंड उघडत नसे. (अजूनही उघडलं नसतं. ते आता नाहीत, म्हणून बिनधास्त लिहितोय.)

शेवटी बाबूजींना कसंबसं थोपवून आम्ही शकूला अकोल्याला, लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दवाखान्यात फिनाईलचा वास. शकू जी बाईंच्या टेबलाखाली शिरली, ती निघेचना! मी ओढली, तिनं टेबलाचा पाय धरला. टेबल आलं, शकू नाही आली.

बाई मुंबईला शिकलेल्या. हसल्या आणि म्हणाल्या, "इथं काही कळायचं नाही. माझं माहेर कारंज्याचं. रविवारी मी तिकडे येतेच आहे, सकाळी तुमच्या घरी डोकावते. असं बघा, काही मुलांना काही आवाज, काही वास, काही स्पर्श आपल्यापेक्षा फार जोरात लागतात. काही मुळीच लागत नाहीत. हिला कशाचं काय होतं, तेच बघायचंय. घर रोज असतं तसं ठेवा. काही म्हणजे काही बदलू नका."

(या प्रकाराला त्यांनी एक इंग्रजी नावही सांगितलं होतं. ते परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत माझ्या लक्षात होतं.)

काही बदलू नका! हे कापड दुकानदाराला सांगायचं? गिऱ्हाइकापुढे तागा उलगडताना डागाची घडी आत राहू द्यायची आणि चांगली घडी झटक्यात त्याच्या मांडीवर टाकायची, हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून येत होतं. बाईंसमोर शकू किंचाळली, धावली, उघडी झाली, तर बाई काय लिहून देणार? नागपूर! त्यापेक्षा ती बिथरेल असं काही घरात ठेवायचंच नाही. पोर शहाण्यासारखी बसलेली दिसली, की बाई खूश आणि नागपूर रद्द!

"पण बाईनं तं काही बदलू नका म्हणलं ना?" सुशीला म्हणाली.

"तुले धंद्यातलं काय समजते?" मी म्हणालो.

शनिवारी मी कामाला लागलो. सगळ्यात आधी काकूंना धनजला त्यांच्या भावाकडे धाडलं.

"काहून रे बापा? कोनाले काही झालं काय?" काकूंनी विचारलं, ते बसस्टँडवरच्या सगळ्यांनी ऐकलं.

"कोनाले काही नाई. तुमाले आराम पाह्यजे."

"मंग मलेच काही झालं काय?" असं म्हणून काकूंनी जो गळा काढला, तो बस दिसेनाशी झाली तरी ऐकू येत होता!

मग हिंगाची डबी शेजारी नेऊन दिली. त्या संध्याकाळचं वरण बिनाफोडणीचं झालं, तेव्हा बाबूजींनी वाटी बोटानं हलवून "हे वरण हाय, का हयदीचं पानी?" असं विचारलं. मग गिरणीवाल्याच्या हातापाया पडलो. त्याला एका लेंग्याचं कापड कबूल केलं, तेव्हा तो सकाळपुरती गिरणी बंद ठेवायला तयार झाला. त्यामुळे रविवारी सकाळी ज्वारीचे डबे घेऊन आलेल्या बाया गिरणीवरून सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि मला घरच्या पिठाचा हिशोब विचारू लागल्या. त्यांना आमच्याच घरातलं पीठ वाटून वाटेला लावलं. मग मंदिरात जाऊन घंटेच्या लोलकाला मांजरपाटाची चिंधी गुंडाळून आलो. एक म्हातारे सावजी दर्शनाला आले, त्यांनी घंटा वाजवली. धप्प. पुन्हा वाजवली. धप्प. आपले कान गेले अशी त्यांची खात्री पटली आणि ते भिंत धरून घरी परत गेले.

तेवढ्यात सखाराम कोतवाल भेटला. म्हटलं, एकही फट राहायला नको.

"सखारामभाऊ, आज घरी डाक्टरीनबाई येऊन राह्यल्या. सकाळभर आवाज करू नका म्हना लोकायले. जरा सांगून द्या गावात."

"सांगतो ना सावजी! तुमी बिनघोर राहा."

मी बिनघोर राहिलो.

बाई आल्या तेव्हा घरात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. (पडू नये म्हणून टाचण्यासुद्धा उचलून ठेवल्या होत्या.) मी चवड्यांवर चालत होतो. शकूला घातलेला फ्रॉक धुऊन धुऊन, खळ काढून काढून मी पोतेऱ्याइतका मऊ केला होता. ती कोपऱ्यात ताग्याची किनार घासत बसली होती. देवघरातली मूर्तीच जणू!

"रोज इतकं शांत असतं इथे?" बाईंनी इकडेतिकडे बघत विचारलं.

"अगदी रोज," मी कुजबुजलो.

"मुलगी तर अगदी निवांत दिसते. मग अडचण काय आहे?"

मी विजयी मुद्रेनं बाबूजींकडे पाहिलं. बाबूजी शांतपणे म्हणाले, "बाई, तिले एक हाक मारून पाहा."

बाईंनी हाक मारली. शकू हलली नाही. जरा मोठ्यानं मारली. शकू हलली नाही. बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. "आता? मी काय म्हनत होतो? बहिरी!"

सुशीलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला, की गावातला आवाजच मी बंद केलाय, तर हिला ऐकू येतं हे आता दाखवायचं कशानं? डाग लपवायच्या नादात मी अख्खा तागाच लपवला होता!

"नाई जी, बहिरी नाई!" मी ओरडलो. "गिरणी सुरू झाली का कान झाकते!"

"मग करा सुरू," बाई म्हणाल्या.

गिरणीवाला सुट्टी मिळाली म्हणून किल्ली घेऊन मालेगावला सासुरवाडीला गेला होता.

"आमच्या काकू बोलल्या का उशी घेते डोक्यावर!"

"बोलवा काकूंना."

काकू धनजला.

"मंदिराची घंटा..." मी म्हणालो आणि मला मांजरपाटाची चिंधी आठवली. शकूची बाजू मांडणारे सगळे साक्षीदार मी स्वतःच्या हातानं गावाबाहेर घालवले होते. बाबूजी तर नागपूरला जाताना सोबत कोणती पेटी न्यायची, ते बोलायला लागले होते.

आणि अगदी आमच्या ओट्याला लागून, ढम! ढम! ढमाढम!

"आयका हो आयकाऽऽ! सावजीच्या घरी डाक्टरीनबाई आल्या हायेऽऽत! कोनी आवाज करू नका होऽऽ!" ढम!

गावाला सांगून दे म्हटल्यावर कोतवाल दुसरं काय करणार? त्याला सांगायची एकच रीत ठाऊक होती, आणि ती डफड्यानिशी होती!

शकूनं दोन्ही हात कानांवर दाबले, ती किंचाळली आणि सुटली! दारात फ्रॉक पडला आणि ती मागच्या खोलीत, फळीखालच्या ताग्यांच्या थप्पीत उंदरासारखी घुसली.

"पाह्यलं? आयकू येते! आयकू येते!" मी आनंदानं नाचलो. पण बाईंसमोर उघडी पोर? मी तिला बाहेर काढायला मागोमाग फळीखाली शिरलो. मी ओढली, तिनं फळीचा टेकू धरला. टेकू आला. आणि वरचा लठ्ठा, मांजरपाट, धोतरजोड्या, सगळा माल आम्हा बापलेकींवर धो धो कोसळला.

अंधार झाला. डफडं कुठल्या कुठे गेलं. आता ही रडून आकांत करणार, म्हणून मी जीव मुठीत धरून पडून राहिलो. तर शकू हसायला लागली! खुदूखुदू, पोटातून. इतकं निवांत हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. तिनं पाठ माझ्या छातीला चिकटवली.

वर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. बाईंनी कोणालाही हात लावू दिला नाही. आम्हा दोघांना श्वास घेता येतोय, एवढं वाकून पाहिलं आणि हळूच सुशीलाला विचारलं, "हिला खायला काय आवडतं?"

"गुळपापडी."

"स्वयंपाकघरात जा आणि डब्याचं झाकण काढा. अगदी हळू. तोंडानं काही बोलू नका."

सुशीला गेली. मला तर काहीच ऐकू आलं नाही. पण शकूचं हसणं एकदम थांबलं, आणि ताग्यांच्या त्या ढिगातून तिचा एक चिमुकला हात बाहेर आला. तळवा वर करून!

बाबूजी त्या हाताकडे बघतच राहिले. "आयला! दोन खोल्या सोडून?"

"बहिरी नाही हो ही," बाई म्हणाल्या. "तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त ऐकते. इतकं ऐकते, की त्या गलक्यात तिचं नावच हरवून जातं. हिला असा भार अंगावर घेऊन पडायला आवडतं, ते करू द्या. फ्रॉक उलटा घाला, शिवण टोचणार नाही. आणि नागपूर वगैरे काही नको. आईजवळ ठेवा."

बाबूजींनी स्वतः जाऊन गुळपापडीचा तुकडा आणला आणि त्या तळव्यावर ठेवला. शकू आपणहून सरपटत बाहेर आली. सुशीलानं तिला पदरात गुंडाळलं आणि स्वतः रडता रडता हसायला लागली. नागपूरचं नाव आमच्या घरात पुन्हा कोणी काढलं नाही.

मी मात्र बाहेर आलो नाही. काय सांगू! मऊ अंधार, अंगावर चोहीकडून भार, गिऱ्हाईक नाही, काकू नाहीत, बाबूजी नाहीत. बाईंनी मला हाक मारली म्हणे. मग सुशीलानं मारली. मग बाबूजींनी माझं सबंध नाव घेऊन, ओट्यापर्यंत जाईल अशी मारली. मी हललो नाही.

शेवटी बाबूजी बाईंकडे वळले आणि म्हणाले, "डाक्टरीनबाई, थ्या नागपूरच्या शाळेत बापाले घेतात काय?"