लाटण्याचं काळं टोक

"गाडी खोटं बोलत नाही, मालक बोलतो." हे मिस्त्रीचं ठरलेलं वाक्य. ते म्हणायचा आणि रस्ता ओलांडून माझ्या दारात यायचा. "अक्का, लाटणं द्या."

जळगावच्या पिंप्राळ्यात रस्त्याच्या एका अंगाला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं, दुसऱ्या अंगाला माझी खानावळ. भाकरी मी हातावर थापते. लाटणं फक्त रविवारच्या पोळ्यांना लागायचं. बाकीचे सहा दिवस ते मिस्त्रीचं. एक टोक चालू इंजिनावर टेकवायचा, दुसरं कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. कोणी बोललं तर हात वर करायचा. मालक, ड्रायव्हर, बघे, सगळे गप्प. माणसं देवळातसुद्धा एवढी गप्प बसत नाहीत. मग डोळे उघडून सांगायचा की बिघाड अमुक ठिकाणी आहे. खोलून पाहिलं की तिथेच निघायचा.

तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. हल्ली नव्या गाडीला वायर लावतात आणि काय दुखतं ते कॉम्प्युटर सांगतो. मिस्त्रीला त्याचा राग नव्हता. "चांगलंच आहे," म्हणायचा, "पण जुन्या गाडीला वायर कुठे लावणार? तिला विचारावं लागतं." त्याच्याकडे जुन्याच गाड्या यायच्या.

एकदा धुळ्याकडचा एक जण आला. म्हणे, "मिस्त्री, ऑइल तर मी मागच्याच महिन्यात बदललं शे." मिस्त्रीने लाटणं लावलं, बराच वेळ ऐकलं. मग शांतपणे विचारलं, "कोणत्या सालातला मागचा महिना, भाऊ?" तो माणूस ओशाळून हसला. दोन वर्षं त्याने झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

लाटण्याचं एक टोक काळं पडलं. राखेने घासलं, साबणाने घासलं, गेलं नाही. मी म्हटलं, "मिस्त्री, पोळीला ग्रीस लागलं तर ती तुमच्याच ताटात वाढीन."

"वाढा, अक्का. निदान माझ्या पोटातून आवाज यायचा नाही."

दुपारी तो माझ्याकडेच जेवायचा. एके दिवशी भर गर्दीत माझ्या कुकरची शिट्टी उडाली. फटाका फुटावा तसा आवाज झाला, एकाच्या हातातलं वरण सांडलं. मिस्त्री मान खाली घालून जेवत राहिला. भाकरीचा तुकडा मोडला, भरताला लावला, तोंडात घातला. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मिस्त्री, तुम्हाला ऐकू येत नाही."

त्याने माझ्या ओठांकडे पाहिलं. मग आजूबाजूच्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं.

"हळू बोला, अक्का."

मला हसू आलं. तो हसला नाही.

धुळ्याला दिलेल्या मुलीने त्याला कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते डबीत पडून होतं. "कानात मशीन घातलेल्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणेल?" तो म्हणाला. खोटं नव्हतं. बायको आधीच गेलेली. मुलगी धुळ्याला या म्हणायची, पण तिथे जाऊन तो करणार काय? गॅरेज गेलं असतं तर हा माणूस नुसता बसून मेला असता. म्हणून मी म्हटलं, मी ऐकते.

त्याने मला पुर्ज्यांची नावं शिकवायला घेतली. मी चौथी शिकलेली बाई, ती माझ्या डोक्यात बसेनात. शेवटी म्हटलं, "तुमचे शब्द राहू द्या, माझे घ्या." वरवरची टिकटिक झाली की फोडणी. म्हणजे टॅपेट ढिले, गाडी चालेल. सूं सूं आवाज आला की कुकर. म्हणजे कुठून तरी हवा गळतेय. आणि खोलवर थड थड ठोका पडला की खलबत्ता. म्हणजे इंजिनातलं बेअरिंग गेलं, गाडी इथून एक चाकभरही हलवायची नाही.

तो नेहमीसारखं लाटणं लावून डोळे मिटायचा. मी लाटणं मागायच्या निमित्ताने जायची, इंजिनापाशी उभी राहायची. त्याने डोळे उघडले की तोंडासमोर ओरडायची, "लाटणं द्या हो, तिकडे फोडणी जळतेय!" मालकांना वाटायचं, म्हातारी कटकटी आहे. ती मी आहेच. मिस्त्री माझे ओठ वाचायचा आणि गंभीर चेहरा करून टॅपेट कसायला घ्यायचा.

एक गोष्ट मात्र त्याने बजावली होती. दोनदा ऐकायचं. एकदा थंड असताना, एकदा गरम झाल्यावर. "थंड गाडी नव्या पाहुण्यासारखी असते, अक्का. गरम झाली की मनातलं बोलते."

दोन वर्षं असं चाललं. कोणाला पत्ता लागला नाही.

मग यावलची ती गाडी आली. केळीचा बागाईतदार होता, गाडी त्याच्या वडिलांच्या वेळची. आईचे डोळे दाखवायला जळगावला आला होता आणि आता घरी परत निघाला होता. आईला त्याने माझ्या खानावळीत आणून बसवलं. "गरम भाकर दे वं माय," म्हातारी म्हणाली, "सकाळपासून पोटात काही नाही."

मी आधी गाडीपाशी गेले. टिकटिक स्वच्छ होती. फोडणी म्हटलं आणि परत येऊन भाकरी थापायला बसले. मिस्त्रीने टॅपेट कसले, गाडी चालू ठेवून गरम केली. मग रस्त्यापलीकडून हात वर केला. दुसऱ्यांदा या.

भाकरी तव्यावर फुगत होती. कानावर थड थड असा आवाज आला. मला वाटलं, शेजारीण खलबत्त्यात शेंगदाणे कुटतेय. मला तसंच वाटलं. दारात जाऊन मी ओठ मोठे करून म्हटलं, "फोडणीच आहे."

त्याने बॉनेट लावलं.

म्हातारीने भाकरी खाल्ली. आणखी एक कागदात बांधून घेतली.

तापीच्या पुलाच्या अलीकडे इंजिन जाम झालं आणि गाडी रस्त्यात जागच्या जागी थांबली. मागून ट्रक येत होता. मुलगा वाचला. म्हातारी गेली.

बातमी आली तशी मी शेजारणीकडे गेले. विचारलं, त्या दुपारी काय कुटत होतीस? ती म्हणाली, "त्या दिवशी मी घरी कुठे होते? भावाकडे गेले होते ना."

तेराव्यानंतर तो माणूस गॅरेजवर आला. काखेत कुबडी होती. ओरडला नाही. "मिस्त्री, तुम्ही ऐकलं होतं ना?" एवढंच विचारलं. मी तिथेच उभी होते. मी तोंड उघडलं. मिस्त्रीने माझ्या ओठांकडे पाहिलं आणि मान फिरवली. मी काय म्हणते ते त्याला दिसू नये म्हणून.

"मीच ऐकलं," तो त्या माणसाला म्हणाला. "माझा कान चुकला."

मी तोंड मिटलं. मला कोणी अडवलं नव्हतं. मीच गप्प बसले.

त्यानंतर गाड्या येईनात. कोणी ठरवून बंद केल्या असं नाही, पण येईनात. पावसाळा संपेपर्यंत मिस्त्री रिकाम्या गॅरेजात बसला. मग पत्र्याच्या दाराला कुलूप लावून धुळ्याला मुलीकडे गेला. जाताना रस्ता ओलांडून माझ्याकडे आला नाही.

थंडीत मी एसटीने धुळ्याला गेले. तो ओट्यावर ऊन खात बसला होता. हात स्वच्छ होते. त्याचे स्वच्छ हात मी पहिल्यांदा पाहिले, आणि मला ते आवडले नाहीत. त्याच्यासमोर उभी राहून मी बोलले. गल्लीतली माणसं दारात आली एवढ्या मोठ्याने बोलले. "मी यावलला जाऊन सांगणार आहे. ठोका मी ऐकला होता. चूक माझी आहे!"

या वेळी त्याने मान फिरवली नाही. शेवटपर्यंत माझ्या ओठांकडे पाहत राहिला.

"हळू बोला, अक्का," तो म्हणाला. मग म्हणाला, "म्हातारी जेवून गेली ना? तेवढं पुष्कळ झालं."

मुलीने चहा दिला. मी प्यायले आणि परत आले. यावलला गेले नाही.

या उन्हाळ्यात मिस्त्री गेला. मुलीचा फोन आला तेव्हा माणसं त्याला पोचवून परतलीही होती. आता मला हळू बोला म्हणणारं कोणी नाही, म्हणून हे लिहिते आहे. यावलच्या माणसाने वाचलं तर वाचू दे. मिस्त्रीचा कान चुकला नव्हता. तो कान माझा होता.

लाटणं खुंटीला आहे. रविवारी मी पोळ्या करत नाही. शेजारणीने केव्हाच मिक्सर घेतला, आमच्या गल्लीत आता खलबत्त्यात कोणी काही कुटत नाही. तरी दुपारी तव्यावर भाकरी फुगायला लागली की ऐकू येतं. थड. थड. भाकरी तशीच जळू देते आणि दारात जाऊन बघते.

समोर पत्र्याला कुलूप असतं.